लसींची फाइल भिजली, आणि शाळेच्या फॉर्ममध्ये आकडीचा रकाना आहे

प्रश्न
लेकीची_आई

लेक सव्वापाच वर्षांची आहे. नव्या शाळेत प्रवेश झाला, आणि शाळेने दोन कागद हातात ठेवले. एक आरोग्य तपासणीचा, चार पानी, डॉक्टरांनी भरून सही-शिक्क्यासह द्यायचा. दुसरा लसीकरणाचा तक्ता, त्यात प्रत्येक डोसची तारीख हवी. मुदत ३० दिवसांची. तोवर वर्गात बसू देतील, पुढे नाही.

पहिली अडचण फाइलची. घर बदलताना एक खोका रात्रभर पावसात राहिला आणि तिची फाइल नेमकी त्यात होती. पहिल्या वर्षीचे डॉक्टर शाईच्या पेनाने लिहायचे. त्यांची सगळी पानं निळी झालीत. नंतरच्या डॉक्टरांचं बॉलपेन होतं, ते शाबूत आहे. म्हणजे दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांचे डोस गेले, कावीळ ब गेली, जुलाबांवरची रोटा गेली. वाचता येतंय ते एवढंच: नऊ महिने पूर्ण झाल्यावरचा गोवराचा डोस (त्या दिवशी आमचे डॉक्टर सुट्टीवर होते, तो दुसऱ्यांकडे झाला), सोळाव्या महिन्यातला एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला यांची एकत्र लस) आणि पाच वर्षांचा बूस्टर.

दुसरी अडचण. कार्यालयातल्या बाई तक्ता बघून म्हणाल्या, नऊ महिन्यांचा गोवर आम्ही धरत नाही, अजून एक एमएमआर लागेल. दिलेला डोस न धरणं म्हणजे काय? दिला नव्हता का तो?

आणि तिसरी, ज्यासाठी रात्री अकराला हे लिहायला बसले. सोळाव्या महिन्यातल्या त्या एमएमआरनंतर नवव्या दिवशी तिला सणकून ताप आला आणि आकडी आली. डोळे वर फिरले, अंग ताठ झालं. मला घड्याळ बघायचं सुचलं नाही. नवऱ्याने बघितलं होतं, तो म्हणतो दोन मिनिटं. दवाखान्यात एक रात्र ठेवलं, 'तापातली आकडी, काळजीचं कारण नाही' असं लिहून सोडलं. त्यानंतर पुन्हा कधीही आली नाही. बोलते, पळते, सगळं छान.

आता फॉर्मवर तिसऱ्या पानावर रकाना आहे: मुलाला कधी आकडी आली आहे का, हो की नाही, असल्यास तपशील. आमच्या जाऊबाईंचं म्हणणं, 'नाही'वर खूण कर आणि मोकळी हो. एकदा 'हो' लिहिलंस की पोरीच्या नावाला ते कायमचं चिकटेल, सहलीला नेणार नाहीत, पोहायला सोडणार नाहीत, बाई तिला काचेच्या बाहुलीसारखं वागवतील. मला खोटं लिहायचं नाही. पण जाऊबाईंची भीती मला खोटीही वाटत नाही. आणि तोच एमएमआर पुन्हा द्यायचा म्हटल्यावर त्या रात्रीचं सगळं डोळ्यांपुढे येतंय.

कुणी यातून गेलं असेल तर सांगा. मुदतीतले नऊ दिवस संपलेत.

शाळेतली_नर्स

ताई, मी १४ वर्षं शाळेच्या आरोग्य खोलीत काम करते. तुमचे हे कागद शेवटी माझ्यासारखीच्याच टेबलावर येतात, म्हणून टेबलाच्या या बाजूने काय दिसतं ते सांगते.

आधी फाइल. पान भिजलं म्हणून नोंद संपली असं नसतं, कारण ती एकाच जागी कधीच नसते. जन्म झाला त्या रुग्णालयाचं डिस्चार्ज कार्ड शोधा. बीसीजी (क्षयाची लस), पोलिओचा पहिला थेंब आणि कावीळ ब चा जन्माच्या वेळचा डोस बहुतेक वेळा तिथे लिहिलेला असतो. मग शाईच्या पेनवाल्या डॉक्टरांच्या दवाखान्यात स्वतः जा, फोनवर विचारू नका. फोनवर 'बघून सांगतो' म्हणतात आणि राहून जातं. लसींचं वेगळं रजिस्टर असतं, तारखेनुसार भरलेलं. तुम्हाला साधारण महिना माहीत आहे, त्या महिन्याची पानं उलटायला दहा मिनिटं लागतात. फोनमधले जुने फोटोही बघा. तान्ह्या मुलांचे आईबाप कार्डाचा फोटो काढून आजीला पाठवतात आणि विसरतात. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी हरवलेल्या नोंदी आजीच्या फोनमध्ये सापडल्या आहेत.

सगळं सापडलंच पाहिजे असंही नाही. रोटाच्या तारखांसाठी धावाधाव करू नका. ती लस तान्ह्या वयातच देतात, पाच वर्षांच्या मुलाकडे ती मागत नाहीत. धावायचं ते घटसर्प-डांग्या खोकला-धनुर्वात, पोलिओ आणि कावीळ ब यांच्यासाठी.

नाहीच सापडलं, तर लेखी नोंद नसलेला डोस दिलाच नाही असं धरून पुढे जातात. ऐकायला हे अन्यायाचं वाटतं, मला माहीत आहे. पण बहुतेक लसींचा एखादा डोस जास्त झाला तर मुलाचं काही बिघडत नाही. अपवाद सांगून ठेवते: धनुर्वाताचे डोस फार जवळजवळ झाले तर हात खांद्यापासून कोपरापर्यंत सुजू शकतो. तिचा पाच वर्षांचा बूस्टर नुकताच झालाय, म्हणून मागचं सगळं पुन्हा टोचण्याआधी रक्तातल्या अँटिबॉडी, म्हणजे रोगाशी लढणारी प्रथिनं, तपासता येतील का, हे डॉक्टरांना जरूर विचारा. घटसर्प, धनुर्वात, गोवर, रुबेला, कावीळ ब यांच्यासाठी अशी तपासणी होते. डांग्या खोकल्यासाठी तिचा उपयोग नाही. आणि दोन डोसांमध्ये कितीही मोठा खंड पडला तरी मालिका पहिल्यापासून सुरू करत नाहीत, जिथे थांबली तिथून पुढे नेतात. हे कुणी वेगळं सांगितलं तर थांबा आणि पुन्हा विचारा.

तारखा लिहिताना महिना अक्षरात लिहा. हे मी प्रत्येक पालकाला हात जोडून सांगते. एका मुलाचा जन्म २० जूनचा. गोवराच्या लसीपुढे लिहिलं होतं ०४/०९. घरच्यांच्या मनात ४ सप्टेंबर होता, म्हणजे मूल चौदा महिन्यांचं. आमच्याकडे नोंद करणाऱ्याने महिना आधी धरून ९ एप्रिल वाचला, म्हणजे मूल दहा महिन्यांचंही नाही, डोस बाद. त्या मुलाला विनाकारण एक सुई जास्त बसली असती. त्याच्या वडिलांनी मूळ कार्ड आणून टेबलावर ठेवलं म्हणून टळलं. 'सर्व लसी वेळेवर दिल्या आहेत' अशा एका ओळीचं पत्रही आणू नका. ते प्रेमाने लिहिलेलं असतं, पण त्यावरून मला काहीच भरता येत नाही.

आता तिसऱ्या पानावरचा रकाना. इथे मला जरा लांब बोलू द्या.

पालक हा फॉर्म परीक्षेच्या पेपरासारखा भरतात. जितके 'नाही' तितके गुण. पण शाळेत ही तपासणी सुरू झाली ती मुलं वेचून बाहेर काढायला नव्हे. १९०२ साली न्यूयॉर्कमध्ये डॉक्टर शाळाशाळांतून फिरायचे आणि खरूज, उवा, डोळ्यांचा खुपरोग दिसला की मुलाला चिठ्ठी देऊन घरी पाठवायचे. घरी त्या चिठ्ठीचं काय करायचं ते कुणाला कळत नसे, मूल गल्लीत खेळत राही आणि शाळा बुडे. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये लीना रॉजर्स नावाच्या नर्सला चार शाळांत महिनाभर नेमून बघितलं. तिने मुलांना शाळेतच मलम लावलं, डोळे धुतले, संध्याकाळी घरी जाऊन आईला कसं करायचं ते दाखवलं. प्रयोग लगेच वाढवला गेला. सप्टेंबर १९०२ मध्ये साडेदहा हजार मुलं घरी पाठवली गेली होती, पुढच्या सप्टेंबरात अकराशे. मी ज्या खुर्चीत बसते तिची सुरुवात ही आहे. मुलाचं काय दुखतं ते शोधायचं आणि त्याला वर्गात परत बसवायचं.

म्हणून मला तुमच्या लेकीच्या आकडीबद्दल कळायला हवं. दुपारी दीड वाजता तिला ताप चढला तर तुम्ही तिथे नसणार. मी असेन, किंवा मी सुट्टीवर असले तर वर्गाच्या बाई असतील. कागदावर लिहिलेलं असेल तर ताप ३८ अंश सेल्सिअसच्या वर जाताच तुम्हाला फोन जाईल आणि तिला एकटीला पडून राहायला सोडणार नाही. आणि आकडी आलीच, तर बाईंना आधीच सांगितलेलं असेल की कुशीवर वळवायचं, तोंडात चमचा, पाणी, बोट काहीही घालायचं नाही, घड्याळ बघायचं, पाच मिनिटांत थांबली नाही तर रुग्णवाहिका. न सांगितलेल्या वर्गात काय होतं ते मी एकदा बघितलंय. तोंडात पट्टी घालायला निघालेल्या शिक्षिकेचा हात मला धरावा लागला. त्या मुलाच्या फॉर्मवर 'नाही' होतं.

जाऊबाईंचं भय मात्र बिनबुडाचं नाही. नुसता 'हो' लिहिलेला फॉर्म खरंच त्रास देतो, कारण वाचणारा सर्वांत वाईट तेच गृहीत धरतो. म्हणून तपशील लिहा: वय किती, ताप होता, दोन मिनिटं, एकदाच, नंतर नाही, औषध चालू नाही. आणि डॉक्टरांकडून एक ओळ घ्या की पोहणं, खेळ, सहल यांवर कोणतंही बंधन नाही. त्या एका ओळीने दार उघडं राहतं. हा कागद वर्गभर फिरत नाही, तो कुणाला दाखवायचा ते शाळेला तुम्ही विचारू शकता, विचाराच.

उरलेल्या पानांनाही हलकं घेऊ नका. डोळे तपासताना एकेक डोळा झाकून तपासतात की नाही ते बघा. सहा वर्षांची एक मुलगी होती, वर्गात हुशार, आईला काहीच शंका नाही. डावा डोळा झाकला तेव्हा तिने सगळी अक्षरं धडाधड वाचली. उजवा झाकला तर रडायला लागली आणि माझा हात बाजूला ढकलायला लागली. डाव्या डोळ्याने तिला जवळपास दिसत नव्हतं. मूल हे सांगत नाही, कारण त्याला जन्मापासून तसंच दिसत आलेलं असतं. आळशी डोळ्याचे उपचार सातव्या वर्षाच्या आत सुरू झाले तर सर्वांत चांगले लागू पडतात. तिला चष्मा आणि चांगल्या डोळ्यावर पट्टी मिळाली, पुढच्या वर्षी खालून दुसरी ओळ वाचली. ऐकण्याची तपासणीही अशीच. कानाला हेडफोन लावतात, बारीकसा आवाज आला की मुलाने टोपलीत ठोकळा टाकायचा. 'लक्ष देत नाही' म्हणून शिक्का बसलेल्या मुलांत कानाच्या पडद्यामागे चिकट द्राव साठलेली मुलं दरवर्षी निघतात.

डोस न धरण्याबद्दल डॉक्टर मंडळी जास्त नीट सांगतील.

दोन_मुलांचा_बाबा

माझ्या दोन्ही मुलांच्या लसी पूर्ण आहेत, तेव्हा मला विरोधक समजू नका. पण शाळेने दार अडवावं हे पटत नाही. शिक्षण हा मुलाचा हक्क. कागद आईबापांनी हरवला, शिक्षा मुलाला का? आणि ज्यांच्या मुलांना लसी दिल्यात ती सुरक्षित आहेत, मग शेजारच्या बाकावरच्याने घेतली की नाही याने काय फरक पडतो?

बरा_झालेल्याचा_बाबा

तुमच्या शेवटच्या वाक्याला उत्तर देतो, कारण शेजारच्या बाकावर माझा मुलगा बसायचा.

चौथ्या वर्षी त्याला रक्ताचा कर्करोग झाला. अडीच वर्षं औषधं चालली. त्यातलं पहिलं वर्ष घर आणि रुग्णालयातच गेलं, पुढे डॉक्टर म्हणाले, शाळेत पाठवा, मुलांत राहू दे. त्याची पांढऱ्या पेशींची संख्या मी रोज वहीत लिहायचो, ती वही अजून आहे. त्या काळात गोवर, कांजिण्यांसारख्या जिवंत विषाणूच्या लसी त्याला देता येत नव्हत्या, उपचार संपल्यावरही काही महिने नाही. आधी मिळालेल्या लसींचं संरक्षणही औषधांनी पुसून जाऊ शकतं, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. म्हणजे माझ्या मुलाने लस 'घेतलेली' होती आणि तरीही तो उघडा होता.

गोवर रोखायला १०० पैकी ९५ जणांत प्रतिकारशक्ती लागते. चाळीस मुलांच्या वर्गात हिशेब मांडा. दोन जागा उरतात. त्या दोन जागा ज्यांना लस घेताच येत नाही अशांच्या आहेत. एक माझ्या मुलाची होती. कुणी केवळ पटत नाही म्हणून त्यातली जागा घेतली, तर ती माझ्या मुलाकडून घेतलेली असते. मी हे रागाने लिहीत नाही. तेव्हा रोज सकाळी त्याला दारात सोडताना माझ्या मनात हाच आकडा असायचा.

आणि तो तक्ता नुसता कपाटात पडून राहत नाही. एका मंगळवारी वर्गातल्या मुलाला कांजिण्या निघाल्या. पावणेनऊला कळलं, नऊ वाजता मला फोन आला, कारण कुणाला लस नाही ही यादी तयार होती. दुपारपर्यंत त्याला अँटिबॉडीचं इंजेक्शन मिळालं. तीन आठवडे घरी ठेवलं. काही झालं नाही. यादी नसती तर मला शुक्रवारी शाळेच्या फाटकात दुसऱ्या कुणा आईकडून कळलं असतं.

तो आता अकरा वर्षांचा आहे. लसी पुन्हा सगळ्या झाल्या.

मुलांचे_डॉक्टर_निवृत्त

लेकीची आई, आधी तुमच्या मुलीचं, मग बाबांच्या हक्काच्या प्रश्नाचं.

नऊ महिन्यांचा डोस दिला होता आणि तो चुकीचाही नव्हता. आईच्या अँटिबॉडी वारेतून बाळाला मिळतात आणि काही महिने रक्तात टिकतात. त्या असताना जिवंत लस दिली तर त्या लसीलाच मारून टाकतात. म्हणून नवव्या महिन्यात शंभरातली साधारण ८५ मुलं प्रतिसाद देतात, बाराव्या महिन्यात ९५. जिथे गोवर फिरत असतो तिथे वाट बघणं धोक्याचं, म्हणून जागतिक आरोग्य संघटना तिथे नवव्या महिन्यात द्यायला सांगते. त्या डोसने तिचं सर्वांत नाजूक वय सांभाळलं. शाळा मात्र पहिल्या वाढदिवसानंतरचे दोन डोस मोजतात, कारण त्यांना पुढच्या आयुष्याची खात्री हवी असते. सोळाव्या महिन्याचा तिचा पहिला धरला जाईल, आताचा दुसरा.

आता त्या रात्रीबद्दल. एमएमआरमधला गोवराचा कमजोर विषाणू शरीरात वाढायला वेळ घेतो, त्यामुळे ताप लगेच न येता सहाव्या ते चौदाव्या दिवसात येतो. तुमचा नववा दिवस अगदी त्यातलाच. आकडी आली ती तापाने, आणि ज्या वयात ती येऊ शकते त्या वयात, म्हणजे सहा महिने ते पाच वर्षं. पंधरा मिनिटांच्या आत थांबलेली, सर्वांगाची, एकदाच आलेली तापातली आकडी मेंदूला इजा करत नाही. असं एकदाच घडलेल्या मुलाला पुढे अपस्मार होण्याची शक्यता इतर मुलांपेक्षा फारशी वेगळी नसते. तुमची मुलगी त्या वयातून बाहेर आली आहे. दुसऱ्या डोसला ताप येण्याचं प्रमाणही कमी असतं, कारण शरीराने बहुधा तो विषाणू ओळखलेला असतो. तापातली आकडी हे ही लस न देण्याचं कारण नाही. तरी टोचणाऱ्या डॉक्टरांना आधी सांगा. पाचव्या दिवसापासून दोन आठवडे तापमान बघत जा, घरात तिच्या वजनाप्रमाणे मात्रा लिहिलेलं तापाचं औषध ठेवा. तापाचं औषध आकडी टाळेलच असं नाही, पण तिला बरं वाटेल आणि तुम्हाला हातात काही असेल.

एक महत्त्वाचं. फॉर्ममध्ये क्षयाची त्वचा तपासणी (हाताच्या कातडीत टोचून दोन-तीन दिवसांनी ती जागा बघतात ती) असेल तर ती एमएमआरच्या दिवशीच किंवा आधी करा. एमएमआर आधी झाली तर किमान चार आठवडे थांबावं लागतं, नाहीतर तपासणी खोटी 'नाही' दाखवू शकते. तुमच्याकडे एकवीस दिवस उरलेत, म्हणून हा क्रम चुकवू नका. दुसरी कोणती जिवंत लस राहिली असेल तर तीही त्याच दिवशी, नाहीतर २८ दिवसांनी.

बाबा, तुमचा प्रश्न जुना आहे आणि प्रामाणिक आहे. शाळेत येण्यासाठी देवीची लस हवी असा कायदा मॅसॅच्युसेट्सने १८५५ मध्ये केला. तेव्हापासून तो न्यायालयांत तपासला गेला आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२२ मध्ये शाळेच्या बाजूने निकाल दिला. युरोपच्या मानवी हक्क न्यायालयापुढे चेक प्रजासत्ताकातले पालक गेले होते, मुलांना बालवाडीत प्रवेश नाकारला म्हणून. ८ एप्रिल २०२१ ला १६ विरुद्ध १ असा निकाल लागला, पालकांच्या विरोधात. न्यायाधीशांनी विचार केला तो दोन्ही मुलांच्या हिताचा, लस न घेतलेल्याच्याही आणि शेजारच्याच्याही. पण कायद्याने भीती जात नाही, हे मी चाळीस वर्षं बघितलं. पॅसिफिक महासागरातल्या सामोआ या बेटांच्या देशात २०१८ मध्ये दोन बाळं लस टोचल्यावर काही मिनिटांत गेली. लसीत दोष नव्हता, पूड विरघळवताना पाण्याऐवजी स्नायू शिथिल करणारं औषध मिसळलं गेलं होतं. पण आयांनी काय बघितलं? सुई टोचली आणि बाळ गेलं. मोहीम महिनोन्‌महिने थांबली, ती सुरू झाल्यावरही लोक आले नाहीत. २०१९ च्या उत्तरार्धात गोवर शिरला. दोन लाख लोकवस्तीच्या त्या देशात ८३ माणसं गेली, बहुतेक पाच वर्षांच्या आतली मुलं. शाळा बंद करून, घरोघरी जाऊन, लस न मिळालेल्या घराने दारात लाल कापड बांधायचं अशी खूण ठरवून लस द्यावी लागली. शाळेच्या दारात कागद मागणं मला त्यापेक्षा फार सौम्य वाटतं. तुमच्याशी एका बाबतीत मी सहमत आहे: कागद नाही म्हणून मुलाला पहिल्याच दिवशी परत पाठवणारी शाळा चुकते. मुदत द्यावी, आणि त्या मुदतीत मदतही.

दोन_मुलांचा_बाबा

चाळीसातल्या दोन जागांचा हिशेब मी कधी असा केला नव्हता. माझं म्हणणं आता एवढंच उरतं की मदत मिळाली पाहिजे. नुसती मुदत देऊन भागत नाही. लेकीची आई, रजिस्टर शोधायला दवाखान्याने नकार दिला तर लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. आमच्या वेळी त्यानेच काम झालं होतं.

लेकीची_आई

बारा दिवसांनी लिहितेय, राहवलं नाही म्हणून.

दवाखान्यात गेले. शाईच्या पेनवाले डॉक्टर आता बसत नाहीत, त्यांची सून बसते. तिने रजिस्टरांचा गठ्ठाच समोर ठेवला. दीड महिन्याची आणि साडेतीन महिन्यांची नोंद सापडली, मधली नाही. मधली घरी येऊन आईच्या फोनमध्ये सापडली, नर्सताई, तुम्ही म्हणालात तशीच. फोटोत कार्ड आहे आणि कडेला लेकीची मूठ. कावीळ ब चा जन्माचा डोस डिस्चार्ज कार्डावर होता. सगळे महिने अक्षरात लिहिले.

तिसऱ्या पानावर मी 'हो' लिहिलं. वय सोळा महिने, ताप होता, दोन मिनिटं, एकदाच. डॉक्टरांनी खाली लिहिलं, कोणत्याही खेळावर बंधन नाही. जाऊबाईंना दाखवलं. त्यांनी दोनदा वाचलं. मग म्हणाल्या की त्यांच्या धाकट्यालाही लहानपणी आली होती आणि त्यांनी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. आम्ही बराच वेळ स्वयंपाकघरात नुसत्या उभ्या होतो.

शाळेतल्या नर्सने फॉर्म वाचून एकच विचारलं, तापात ती चिडचिडी होते की गुंगते? मी म्हटलं गुंगते. त्यांनी ते लिहून घेतलं. हा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता.

डोळे ठीक आहेत. उजव्या कानाने दोन आवाज हुकले, ठोकळा हातातच राहिला. सर्दी होती म्हणून असेल, सहा आठवड्यांनी पुन्हा तपासायचं ठरलंय.

एमएमआर आणि क्षयाची तपासणी कालच एका दिवशी झाली. हातावर पेनाने गोल काढलाय आणि ती तो सगळ्यांना दाखवत फिरतेय. उद्या किंवा परवा तो वाचून घ्यायला जायचं आहे. तापमापी उशाशी काढून ठेवला आहे. पाचवा दिवस सोमवारी येतो.